उस पारची खुर्ची

गजा, वाद जिंकायची ही काय रीत झाली?

परवा तुझा तेरावा झाला. माझ्याच घरी झाला, दूधविनायकात. कारण तू आयुष्यभर आधी रेल्वेच्या क्वार्टरात आणि मग भाड्याच्या खोलीत राहिलास, आणि बायकोमुलांच्या फंदात पडलाच नाहीस. पंगती उठत होत्या तरी माणसं येतच होती. तुझ्या ऑफिसातले जुने सोबती आले, ब्रह्मा घाटावरचे वैदिक आले, शिंदे घाटावरचे नाववाले आले, मदनपुऱ्यातले विणकर आपापल्या मुलींना घेऊन आले. आमच्या जिन्यानं एवढी माणसं सुधाच्या आणि माझ्या लग्नातही पाहिली नव्हती. मी वाढपाची बादली हातात घेऊन विचार करत होतो, की माझ्या तेराव्याला यांतली कितीजणं येतील. उत्तर काही बरं आलं नाही. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर म्हणतील, म्हातारा मेलेल्या माणसाचा हेवा करतो. करतोच. तू जिवंत होतास तेव्हा करत होतो, आता काय म्हणून सोडू?

सगळे गेल्यावर तुझी कॅप्टन चंदा दारात थांबली. चपलेत पाय घालता घालता म्हणाली, "सर, इतवार को आप आएँगे न? अब टीम कौन देखेगा?"

मला कळेना, ही पोरगी मला बोलावतेय की तुझी खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून कुणीतरी बसायला हवंय. माझ्या वयाला असल्या शंका शोभत नाहीत, पण तुझ्या बाबतीत मला शोभेल असं मी कधी वागलोय?

आधी तुला ठाऊक नसलेला भाग सांगतो. तो तुझ्यामागे घडला, म्हणजे अगदी तुझ्यासमोर, पण तू नव्हतास.

तू गेलास त्या रविवारी मीही नावेतून उस पार आलो होतो. दर रविवारी यायचो. तुला वाटायचं, पभ्याला सकाळची हवा खायची असते. मी तुझ्या चुका बघायला यायचो. गंगेचं पाणी उतरलं की पलीकडे रेतीचं जे अफाट मैदान पडतं, त्यावर तू चुन्यानं मोठं अंडाकृती रिंगण आखायचास, दोन्ही टोकांना चार-चार बांबू रोवायचास, आणि काशीत कुणी नावही ऐकलं नव्हतं तो ऑस्ट्रेलियन रूल्सचा फुटबॉल तुझ्या मुली तिथे खेळायच्या. तू रेषेबाहेर, लोखंडी सांगाड्याच्या घडीच्या खुर्चीवर. टोपी कपाळावर ओढलेली, हात पोटावर, डोळे मिटलेले. त्या दिवशीही तसेच मिटलेले होते. शेवटचं क्वार्टर सुरू होताना चंदानं लांबून तुला हात केला. तू केला नाहीस, पण तू कधीच करायचा नाहीस. मुली खेळत राहिल्या. मध्येच चंदानं मारलेला चेंडू बांबूंकडे जायचा तो भलतीकडे आला आणि घरंगळत तुझ्या पायाशी थांबला. चंदाचा नेम सहसा चुकत नाही. मला आनंद झाला, म्हटलं, आज चहाच्या वेळी गजाला टोचायला मुद्दा मिळाला. एकीनं तो चेंडू हळूच उचलला, तुझी झोप मोडू नये म्हणून पाय न वाजवता, आणि परत पळाली.

खेळ संपला तेव्हा तुझ्याकडे सगळ्यांत आधी मीच आलो, टोचायला. खांद्यावर हात ठेवला आणि मग तुझ्या नाकापुढे बोटं धरली. मला कळलं. बराच वेळ झाला असावा, कारण हात गार होता आणि सकाळचं ऊन चांगलं तापलं होतं. मागे मुली पाण्याच्या बाटल्यांवरून भांडत होत्या, हसत होत्या. मी चंदाच्या नाववाल्या बापाला हाक मारून एवढंच म्हणालो, "नाव निकालो."

आणि तेव्हा मला तुझा राग आला. आयुष्य सगळं काशीत काढलंस, आणि मेलास कुठे, तर त्या काठाला! इथे मेला तो सुटला आणि पलीकडच्या काठावर मेला तो पुढच्या जन्मी गाढव होतो, असं इथला लहानथोर मानतो. आपण पोरपणी या गोष्टीवर किती हसलोय. पण नावेत तुझं डोकं मांडीवर घेतल्यावर मला हसू येईना. चंदा वल्हं मारत होती, बापापेक्षा जोरात. कुणी रडत नव्हतं, कारण मी कुणाला काही बोललो नव्हतो. त्यांना माझ्याकडे बघून कळलं असावं.

शिंदे घाटावर नाव लागली तोवर बातमी पायऱ्या चढून गेली होती. ब्रह्मा घाटावरचे बापू गुरुजी, आता नव्वदीला टेकलेले, काठी टेकत उतरले. तुझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "प्रभाकर, प्राण कुठे गेला ते सांग आधी. ह्या काठाला की त्या?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चंदा म्हणाली, "बीच धार पार हो गए थे, बाबा. साँस चलत रहल."

तिच्या दोन्ही बाजूंच्या मुली लगेच म्हणाल्या, "चलत रहल. चलत रहल." मग मागच्या सगळ्याजणींनी तेच उचललं. मदनपुऱ्याची शाहीन, जिला आपल्या गाढवाच्या जन्माशी काही देणंघेणं नाही, तीसुद्धा गुरुजींच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "चल रही थी, हमने देखा."

बापू गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "होता श्वास. चालू होता."

एकीनं एकदा म्हणायचं आणि बाकीच्यांनी दोनदा. तूच शिकवलंस ते त्यांना. पाठशाळेत आपण संथा घ्यायचो तशीच. गुरुजी एकदा म्हणणार, आपण मागून दोनदा. ते तू चक्क मैदानावर आणलंस. जिला चेंडू हवा तिनं एकदा हाक द्यायची, जवळच्या दोघींनी ती दोनदा म्हणायची, म्हणजे एवढ्या मोठ्या रिंगणात कुणाला ऐकू गेलं नाही असं होणार नाही. बाहेरगावच्या टीम आपापसांत विचारायच्या, या बनारसच्या पोरी मंत्र म्हणतात का? मी तुला म्हणायचो, "वेदपाठशाळा उघडलीस काय रे मैदानात?" तू म्हणायचास, "काम होतंय ना? मग तुला काय तकलीफ आहे?" तकलीफ हीच होती, की काम होत होतं. आणि त्या दिवशी घाटावर उभा राहून, तुझं थंड डोकं धरून, मी काय विचार करत होतो ते ऐक. माझ्या कुठल्या टीमनं माझ्यासाठी एका सुरात एवढं सुंदर खोटं बोललं असतं? तुला अग्नी मी दिला, रीतसर, पण हा विचार चितेपर्यंत माझ्याबरोबर आला.

कोलकात्याहून तो हसरा माणूस लांबट चेंडू घेऊन आला, ती सकाळ आठवते तुला? युनिव्हर्सिटीच्या मैदानावर त्यानं आपल्याला खेळ दाखवला. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पायानं मारता येतं, मुठीनं ठोसून दुसऱ्याला देता येतं, पण फेकता येत नाही. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण. मग त्यानं बाजूच्या खांबांकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, नेम थोडा चुकून या फटीतून गेला तरी एक गुण. तू टाळीच वाजवलीस. "पभ्या, पाह्यलंस? ह्या खेळात चुकलेल्यालाही काहीतरी मिळतं!" मी म्हणालो, हे खेळाचं लक्षण नाही, धर्मादाय आहे. आपला वाद तिथून सुरू झाला आणि पंधराएक वर्षं चालला.

माझ्याकडे पतियाळ्याचा कोचिंगचा डिप्लोमा होता. बँकेतून सुटी घेऊन, उन्हात भाजून निघून मिळवलेला. तुझ्याकडे काय होतं? रेल्वेतली क्लार्कची नोकरी आणि ढेरी. म्हणून मुलांची टीम मला मिळाली, आणि मुलींची तुला, कारण ती घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. आपल्या मोहल्ल्यात तर लोक त्या चेंडूच्या आकारावरून "अंडेवाला खेल" म्हणून नाकं मुरडायचे. तू नाववाल्यांच्या वस्तीत गेलास, मदनपुऱ्यात गेलास, घराघरांत चहा प्यालास, आणि मुली घेऊन आलास. चंदा तेव्हा गंगेत सोडलेले नारळ पोहत जाऊन काढायची. तू तिला म्हणालास, आता पाण्यातले नको, हवेतले पकड. मग घाटाच्या पायरीवर उभा राहून तू वरून नारळ टाकायचास आणि त्या पोरी खाली रेतीत ते झेलायच्या. मी हे बघून सुधाला म्हणालो होतो, हा माणूस एखादीचं डोकं फोडणार. कुणाचं डोकं फुटलं नाही, आणि त्या मुलींच्या हातून चेंडू निसटायचा बंद झाला.

कप मी आणले. हे लिहून ठेवतो, कारण आता सांगायला तू नाहीस आणि दुसरं कुणी सांगणार नाही. रांचीहून आणले, कोलकात्याहून आणले. आमच्या दिवाणखान्याच्या फळीवर ते अजून आहेत, सुधा दर दिवाळीला चिंचेनं घासते. तुझ्या मुलींनी एकदाच अंतिम सामना खेळला आणि हरल्या. तरीही माझ्या टीममधला इम्रान, ज्याला मी धावायला शिकवलं, जो आता फौजेत आहे, तो लग्न करून बायकोला घेऊन आला तर आधी कुणाच्या पाया पडायला गेला? तुझ्या. माझ्याकडे संध्याकाळी आला, मिठाईचा डबा घेऊन, आणि म्हणाला, "गजानन सर ने आधी मिठाई खा ली है." उरलेली मिठाई मी गोड मानून खाल्ली. काजू कतली होती. मला काजू कतली आवडत नाही हे त्याला माहीत होतं.

रविवारी नाव परत लागली की शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर मातीच्या कुल्हडातला चहा, आणि आपला तोच वाद. कोच यशस्वी कशानं ठरतो? मी म्हणायचो, कपानं. बाकी सगळं मनाचं समाधान. तू कुल्हड फुंकत बसायचास. मग एकदा म्हणालास, "शेवटच्या क्वार्टरला कोच मेला तरी टीमला पता लागता कामा नये. असा कोच."

"फालतू बात नको करू," मी म्हणालो. "मग कोच कशाला पाहिजे?"

"त्या आधीच्या तीन क्वार्टरांसाठी," तू म्हणालास आणि एवढा हसलास की चहा सदऱ्यावर सांडला.

त्यानंतर माझा घसा बसल्याचा सामना आला. मी रेषेवरून पळत पळत ओरडणारा कोच. माझ्या मुलांना माझा आवाज लागायचा. त्या दिवशी आवाजच फुटेना. मुलं चेंडू हातात घेऊन आधी माझ्याकडे बघायची, मी हातवारे करायचो, तोवर कुणीतरी येऊन त्यांना लोळवायचं. आम्ही वाईट हरलो. तू काही बोलला नाहीस. फक्त कुठून तरी मिठाचं कोमट पाणी आणून माझ्या हातात दिलंस. बोलला असतास तर बरं झालं असतं. मग मला भांडता आलं असतं.

तुझ्या त्या मिटलेल्या डोळ्यांचा मला एवढा राग का यायचा, हे तुला ठाऊक होतं. तरी आज सगळं सांगतो.

ते डोळे माझ्या बाबांचे होते. तुला काकानं ब्रह्मा घाटावर बाबांच्या पाठशाळेत आणून सोडलं तेव्हा तुझी मुंज नुकतीच झाली होती आणि आईवडील दोन्ही गेले होते. तू वार लावून जेवायचास, प्रत्येक वारी एक घर. सोमवार आमचा. आई सोमवारी वरणावर तुपाची धार जरा जास्त धरायची, ते मी बघायचो. पण ते चालून गेलं. चालून गेलं नाही ते बाबांचं. दुपारी आपण एकेकानं त्यांच्यापुढे बसून सगळा पाठ म्हणून दाखवायचा. मी म्हणायचो तेव्हा बाबा ताठ बसायचे, डोळे माझ्यावर रोखलेले, स्वर चुकला की मांडीवर टिचकी. तू म्हणायला लागलास की भिंतीला टेकायचे, आणि थोड्या वेळात त्यांची मान कलायची. मला काय आनंद व्हायचा! बाकीच्या पोरांना मी सांगायचो, बघा, गजा इतका कंटाळवाणा म्हणतो की बाबा झोपतात.

पुढे बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा एकदा आपणहून म्हणाले, "गजा म्हणायला लागला की माझा डोळा लागायचा. त्याच्यात बघायचंच काही नसायचं. तो चुकायचा नाही." आणि माझ्याकडे बघून हसले. चाळिशी उलटली होती माझी, बँकेत मॅनेजर होतो. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर मी फुशारकी मारली, तिचा अर्थ उलटाच निघाला. विश्वास तुझ्यावर होता. माझ्यावर पहारा होता.

मग तू रेतीवर खुर्ची टाकून डोळे मिटून बसायला लागलास, आणि मी ओळखलं. माझ्या बापाची झोप माझ्या वाट्याला यायची, ती तू उचलून नेलीस.

गेल्या खेपेला, म्हणजे तू गेलास त्याच्या आधीच्या रविवारी, मी हे तुला बोलून टाकलं. सरळ नाही. चहावाल्यानं साखर जास्त घातली म्हणून मी चिडलो होतो, त्यात चंदा तुझ्या पाया पडून गेली आणि मला नुसतं "नमस्ते सर" म्हणाली. मी म्हणालो, "तुझी मौज आहे. बाबांनी तुला झोप दिली आणि मला पहारा."

तू कुल्हड खाली ठेवलंस. मला वाटलं, हसशील. तू म्हणालास, "पभ्या, कसली झोप रे? मी तर कधीकधी जानबूझकर चुकायचो."

"का?"

"चुकलो की ते डोळे उघडायचे. एकदा बघायचे माझ्याकडे. बस, तेवढंच." मग म्हणालास, "तुझ्याकडे तर पूर्ण वेळ बघत बसायचे. मला वाटायचं, आपला बाप असता तर तोही असाच बघत बसला असता."

मी म्हणालो, "नाटक नको करू." तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस असंच मला वाटलं, तुझी सवयच तशी, हरलेल्याला कोमट पाणी आणून द्यायची. तू नाराज झालास की नाही, मला कळलं नाही. चहावाला सुटे मागायला आला आणि बोलणं राहून गेलं. उठताना तू म्हणालास, पुढच्या रविवारी मुलींचा आपापसांत पूर्ण सामना खेळवायचाय, लवकर ये. पुढचा रविवार कसा निघाला ते वर लिहिलंच आहे.

आज सकाळी मी गेलो.

चंदानं नावेत तुझी खुर्ची आधीच ठेवली होती. मी खुर्चीकडे बघितलं नाही. रिंगण मुलींनीच आखलं होतं, बांबू त्यांनीच रोवले होते. मी रेषेवर उभा राहिलो आणि मला जे येतं ते करायला लागलो. "बाएँ! पीछे देखो! छोड़ो, छोड़ो!" पळालोसुद्धा, गुडघे असे असून. दोन-चार मिनिटं मुली गोंधळल्या, एकमेकींवर आपटल्या. मग चंदा खेळ थांबवून माझ्याकडे आली. घाम पुसत, फार अदबीनं म्हणाली, "सर, बुरा मत मानिएगा. आप चिल्लाते हैं तो हम लोग को एक-दूसरे का सुनाई नहीं देता."

मला तिथल्या तिथे परत फिरावंसं वाटलं. पण नाव तिच्याच बापाची, जाणार कुठे? मी जाऊन खुर्चीवर बसलो. तुझ्या वजनानं तिची कापडी बैठक मधे खोल गेलीये, मी त्यात बुडालो. म्हटलं, आता बसलोच आहे तर डोळेही मिटून बघू, काय मिळायचं याला ते तरी कळेल.

मिटले. आधी नुसता वारा आणि पायांखालची रेती. मग एक हाक, "ओ पार!" आणि मागोमाग दोन आवाज, "ओ पार, ओ पार!" चेंडूवर मूठ बसल्याचा आवाज. "इस पार!" "इस पार, इस पार!" गजा, मला सगळं दिसत होतं. चेंडू कुठे आहे, कुणाकडे चाललाय, कोण दमलीये, कोण घाबरलीये, सगळं. एका मुलीनं हाक दिली आणि तिच्यामागे एकच आवाज आला, तेव्हा माझी मान आपोआप तिकडे वळली. म्हणजे तू झोपायचास हे खोटं होतं. आणि बाबा? त्यांचं आता कुणाला विचारू? मी तसाच बसून राहिलो आणि मला रडू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा आलं. चितेजवळही आलं नव्हतं.

डोळे पुसायला म्हणून उघडले. नेमका त्याच वेळी चेंडू खूप उंच उडाला होता, उन्हात. चंदा मागून धावत आली, शाहीनच्या खांद्याला गुडघा लावून तशीच वर गेली, आणि सगळ्यांच्या डोक्यांवर, दोन्ही हातांनी, चेंडू असा पकडला की मी आजवर माझ्या एकाही मुलाकडून तसा पकडलेला पाहिला नाही. खाली आली, रेतीत कोलमडली, उठली. चेंडू छातीशी धरून तिनं खुर्चीकडे पाहिलं. सवयीनं पाहिलं असणार. आणि माझे डोळे उघडे बघून ती तिथेच थबकली.

"देखे, सर?"

"देखा," मी म्हणालो.

"सच में देखे?"

"पूरा देखा. घुटना ज़रा और ऊपर जाना चाहिए था." ते काही खरं नव्हतं. पण मी डिप्लोमावाला आहे, काहीतरी बोलायला हवं.

ती एवढी हसली! सगळ्या मुली जमल्या, शाहीन खांदा चोळत आली. चंदा म्हणाली, "गजानन सर त कब्बो ना देखलन. कान से सब जान जात रहलन, बाकी देखत ना रहलन. हम लोग केतना बार जान-बूझ के गलत मारे हैं उनकी कुर्सी की ओर, कि एक बार आँख खोलें."

मी विचारलं, "उस दिन भी?"

ती हसायची थांबली. चेंडूवरची रेती पुसली. मग होकाराची मान हलवली.

गजा, तो चेंडू चुकून आला नव्हता. ती मनानं तुला हाक मारत होती, तुझ्या पायाशी आणून ठेवत होती, आणि मी लांबून खूश होत होतो की कॅप्टनचा नेम चुकला.

आता ऐक. तुझं म्हणणं बरोबर होतं, हे मी कबूल करत नाही. कोच मेला तरी टीमला कळलं नाही, ते झालं. पण टीम वळून बघत होती, ते तुला कळलं नाही. बाबांच्या पुढ्यात बसून तू जे मागायचास, तेच त्या मुली तुझ्याकडे मागत होत्या, आणि तू, सगळं ऐकू येणारा, तेवढं ऐकलं नाहीस. त्या दिवशी मी नाटक म्हणालो ते मागे घेतो. तू खरं बोलत होतास. माझ्याकडे पूर्ण वेळ बघितलं जायचं आणि मी ते शिक्षा म्हणून भोगत बसलो. तुला ते कधी मिळालं नाही, म्हणून तुला देताही आलं नाही. हे तुला घाटावर चहा पिताना सांगायला हवं होतं, तू चिडला असतास, मग सदऱ्यावर चहा सांडला असतास.

मी परत येताना चंदाला सांगितलं, पुढच्या रविवारी येतो. ओरडणार नाही. खुर्ची तुझीच ठेवणार आहे, बैठक मात्र सुधाकडून शिवून घेणार, कंबर दुखते.

चंदा परत कधीतरी तशी वर जाईल, उन्हात, सगळ्यांच्या डोक्यांवर. आणि वळून विचारेल. मी बघितलेलं असेल आणि तू नसशील. कर आता माझा हेवा.